बाबांच्या मृत्युपत्रातली मोकळी जागा

ती. अक्का हिच्या पायांशी,

कंबर परवानगी देईल तितकं वाकून नमस्कार. (साष्टांगच लिहिणार होतो, पण आठांपैकी तीन अंगं हल्ली जमिनीपर्यंत पोचत नाहीत, आणि चार महिने कायद्याच्या माणसांत वावरल्यापासून जे प्रत्यक्ष घडत नाही ते लेखी देताना जरा थांबतो.) दाजींचा गुडघा कसा आहे? दुसऱ्या गुडघ्याने त्याचं पाहून काही सुरू केलं नाही ना? तुझ्या साखरेचं काय? गोड सोडलं असं तू लेकीला सांगतेस आणि थोडं खाते असं मला सांगतेस, तेव्हा खरं काय ते रक्त तपासणाऱ्यालाच ठाऊक. इकडे हिची टाच दुखते आणि माझी कंबर धरते. सुदैवाने दोन्ही दुखणी आळीपाळीने सुट्टी घेतात, त्यामुळे दार उघडायला घरात कोणी ना कोणी उभं राहू शकतं. एकूण बरं चाललं आहे म्हणायचं.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. घराचं काय ठरलं ते नीट लिहून कळव, फोनवर तू नुसते उसासे टाकतोस आणि मला वाटतं लाइन गेली, असं तू लिहिलं आहेस. बरोबर आहे. हल्ली मी वाक्याची सुरुवातच उसाशाने करतो आणि पुष्कळदा शेवटही तिथेच होतो. तेव्हा सगळं पहिल्यापासून लिहितो. लांबेल. चहा घेऊन बस आणि मध्येच उठून जाऊ नकोस, कारण माझ्याने हे दुसऱ्यांदा लिहिणं होणार नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आपले बाबा पंचेचाळीस वर्षं त्या पायरीच्या शेजारी, पत्र्याच्या छपराखाली टाइपरायटर मांडून बसले, पण पायरी काही चढले नाहीत. लोकांची मृत्युपत्रं, वाटण्या, भाडेकरार, हरकती, माफीनामे सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं. त्यामुळे उद्या आपल्या घरात भांडण झालंच तर निदान कागद तरी चोख असेल असा माझा समज होता. दिव्याखाली अंधार असतो हे मी ऐकून होतो. तो इतक्या सुबक टायपात असतो याची कल्पना नव्हती.

मृत्युपत्र केलंय, एवढं बाबा बोलून गेले होते. कुठे ठेवलंय ते बोलले नव्हते. तू परत गेल्यावर धाकटा सुट्टी काढून आला आणि आम्ही शोधायला लागलो. (धाकट्याला आता धाकटा म्हणवत नाही. कचेरीत त्याच्या हाताखाली साठ माणसं आहेत आणि घरी आला तरी तो आपल्याला त्यांतलीच दोन समजतो.) कपाट झालं, गादीखाली झालं, औषधांचा डबा झाला, रेडिओचं पोट उघडून झालं, पंख्याची पेटी झाली. (पंखा केव्हाच मोडीत गेला. पेटी आहे. बाबांनी पेट्या कधी टाकल्या नाहीत.) धाकट्याने मागच्या खोलीची भिंत बोटांनी वाजवून पाहिली. भिंत काही बोलली नाही, पोपडा मात्र पडला आणि तो अजून तसाच आहे. पाच आठवडे असे गेले. शेवटी एका दुपारी ही भांडी पुसता पुसता म्हणाली, बाबांनी दुसऱ्या कुणाचं मृत्युपत्र कुठे ठेवलं असतं, तिथे बघा ना. पक्षकारांच्या कागदांच्या नकला बाबा माळ्यावर फायलींत आडनावाप्रमाणे लावून ठेवत, हे तुला आठवत असेल. तिथेच होतं. आपल्या आडनावाच्या जागी, एक किराणा दुकानदार आणि एक निवृत्त बँडवाला यांच्या मध्ये, अगदी शिस्तीत उभं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

खरं सांगायचं तर ते हाताला लागायला आणखी दोन दिवस गेले, कारण मी वाटेत इतरांची मृत्युपत्रं वाचत बसलो. अक्का, माणसं जिवंतपणी जे बोलत नाहीत ते मेल्यावर फार नेमकं बोलतात. एका गृहस्थाने पंखा बायकोला दिला होता आणि त्याचा रेग्युलेटर भावजयीला. एकाने सायकल भावाला दिली होती, दर रविवारी तेल घालण्याच्या अटीवर, आणि तेल घातलं की नाही ते बघायला दुसरा भाऊ नेमला होता. एका बाईने घर, दागिने, भांडीकुंडी सगळं सुनेला दिलं होतं आणि मुलाला त्याने वेळोवेळी दिलेली उलट उत्तरं परत केली होती. मी माळ्यावर बसून एकटाच हसत होतो आणि खालून ही विचारत होती, सापडलं का, सापडलं का. माळ्यावरून उतरताना कंबर धरली ती तेव्हाची.

आता आपलं. दीड पान आहे. समास असा सोडलाय की पट्टी लावून बघावी. ‘मी खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शरीराने थकलेला परंतु बुद्धीने शाबूत, कोणाच्याही दडपणाखाली नसताना लिहून ठेवतो की’ अशी सुरुवात. मग आपलं घर येतं: पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर, जिन्याखालची जागा, नळासकट. मग लिहिलंय, की माझे पश्चात हे घर, आणि इथे ठिपके. ठिपके, ठिपके, ठिपके, एक अख्खी ओळ ठिपके. आणि पुढच्या ओळीत ‘यांस पूर्ण मालकीहक्काने मिळावे व त्यास अन्य कोणाही वारसाने हरकत घेऊ नये.’ खाली बाबांची शाईची सही, शेवटच्या अक्षराच्या त्या शेपटीसकट. दोन साक्षीदारांच्या सह्या. तारीख सहा वर्षांपूर्वीची. हरकत कोणी घ्यायची नाही हे ठरलं होतं. घर कोणी घ्यायचं ते तेवढं राहिलं होतं.

बाबांची ती पद्धतच होती. नाव ते कधी टाइप करत नसत. छपरापासून नोंदणीच्या खिडकीपर्यंत साठ पावलं आहेत आणि तेवढं चालताना माणसाचं मन बदलतं, असा त्यांचा अनुभव. टाइप केलेलं नाव बदलायचं म्हणजे अख्खं पान पुन्हा. म्हणून तिथे ते ठिपके मारत आणि पक्षकाराला सांगत, आत जायच्या आधी आपल्या हाताने, शाईने भरा; मग तेच नाव स्वतः नकलेत उतरवून घेत. (एक बाई खिडकीपासून तीनदा परत आली आणि चौथ्यांदा आलीच नाही, ही गोष्ट ते जेवताना सांगायचे. तिचं घर कुणाला मिळालं ते मात्र कधी सांगितलं नाही.) तेव्हा ठिपके हा बोटांच्या सवयीचा भाग होता हे मी लगेच ओळखलं आणि धाकट्यालाही समजावलं. पण ठिपके भरायचं काम टायपिस्टाचं नसतं, पक्षकाराचं असतं. आणि या पक्षकाराला सहा वर्षं मिळाली होती, तीही घरात, शाईच्या दौतीशेजारी.

मग वकील. धाकट्याच्या ओळखीचे आहेत. तिसऱ्या मजल्यावर बसतात आणि लिफ्टवर ‘बंद’ अशी पाटी आहे, जी लिफ्टपेक्षा चांगल्या स्थितीत आहे. वर पोचल्यावर पहिली पाच मिनिटं आपण अशिलासारखे न दिसता रुग्णासारखे दिसतो, आणि मला वाटतं त्यांना ते सोयीचं पडत असावं. त्यांनी कागद हातात घेतला आणि आधी टायपिंगचं कौतुक केलं. असा समास हल्ली कोणी सोडत नाही म्हणाले. मग मुद्द्यावर आले. नाव नाही, म्हणजे घर कुणालाच दिलेलं नाही. म्हणजे या दीड पानाला अर्थ नाही. म्हणजे मृत्युपत्रच नाही असं समजायचं. म्हणजे घर बाबांनी स्वतः बांधलेलं असल्यामुळे तिन्ही मुलांना सारखा हिस्सा, एक तृतीयांश, एक तृतीयांश, एक तृतीयांश. एवढं सगळं चार मिनिटांत झालं. आम्ही उठायला लागलो तसे ते चष्मा पुसत म्हणाले, मूळ प्रत तुमच्याकडेच आहे ना? आहे. आणखी कोणी पाहिलीये? नाही. यावर ते खिडकीतून बाहेर बघू लागले आणि जणू समोरच्या पाण्याच्या टाकीला उद्देशून बोलले, की वकिलीच्या इतक्या वर्षांत असे पुष्कळ कागद आपण पाहिले ज्यांत नाव आधी दिसत नव्हतं आणि मागाहून दिसू लागलं. पेन काय, कुणाच्याही घरी असतं. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं, मी धाकट्याकडे पाहिलं, आणि दोघांनी एकदमच प्यायला पाणी मागितलं.

जिन्यातच धाकट्याने माझ्या हातून कागद घेतला, भिंतीला लावला आणि मोबाइलवर त्या ठिपक्यांचे आठ फोटो काढले. एकात मीही आहे, म्हणजे कागद त्या दिवशी कोरा होता आणि माझ्या हातात होता हे दोन्ही एकदम सिद्ध व्हावं. कागद तुझ्याकडेच राहू दे, माझा तुझ्यावर विश्वास आहे, असं तो फोटो नीट आलेत ना ते बघत म्हणाला. मी त्याला दोष देत नाही. माझ्याकडे तसा मोबाइल असता तर मीही काढले असते.

पण साठ माणसांवर हुकूम चालवणारा माणूस स्वस्थ बसत नाही. घरी आल्यावर त्याने सिद्धांत मांडला. बाबा काटेकोर होते, तेव्हा ठिपके त्यांनी मोजूनच मारले असणार, ज्या नावासाठी जागा सोडली त्या नावाच्या मापाने. झालं. जेवणाचं टेबल साफ करून आम्ही ठिपके मोजायला बसलो. तो शेहेचाळीस म्हणाला, मी सत्तेचाळीस म्हणालो, हिने भिंग आणलं आणि एक ठिपका माशीचा निघाला. मग नावं. त्याचं नाव, बाबांचं नाव, आडनाव, असं त्याने टायपाच्या हिशेबाने मोजलं तर कमी पडलं. मागे पदवी लावली तर जवळपास बसलं. माझ्या मागे लावायला काही नाही. पाण्याच्या मीटरची नोंद घेत तेहतीस वर्षं लोकांच्या अंगणात वाकणाऱ्याला पदवी देत नाहीत, कंबर देतात. मी बराच आखूड पडलो. मग हिने सहज म्हणून तुझं नाव सासरच्या आडनावाने मोजलं, ते लांब झालं; माहेरच्या आडनावाने मोजलं, तर बरोबर शेहेचाळीस. धाकट्याने ही पद्धत शास्त्रीय नसल्याचं त्याच मिनिटाला जाहीर केलं. आणि नव्हतीच. मी माळ्यावरून बँडवाल्याचं मृत्युपत्र आणलं, किराणावाल्याचं आणलं, पंखावाल्याचं आणलं. सगळीकडे शेहेचाळीस. या समासापासून त्या समासापर्यंत तेवढेच मावतात.

राहिले साक्षीदार. धाकटा परत गेला होता, तेव्हा हे माझ्याच गळ्यात आलं. पहिले म्हणजे बाबांच्या शेजारच्या टेबलावरचे टायपिस्ट. त्यांचा आणि बाबांचा एकोणीस वर्षं अबोला होता हे तू जाणतेस. कारण मात्र कोणी जाणत नाही. (कोणी गळक्या पत्र्याचं सांगतं, कोणी एका रिबिनीचं.) पण अबोला वेगळा आणि काम वेगळं. बाबांच्या पक्षकाराला साक्षीदार लागला की बाबा कागद त्यांच्या टेबलाकडे सरकवत, ते सही करून परत सरकवत, आणि त्यांच्याकडून आला तरी तसंच. एकोणीस वर्षांत दोघांनी एकमेकांच्या शेकडो कागदांवर साक्ष घातली आणि एकमेकांना एकदाही पाणी हवं का विचारलं नाही. ते आता लेकीकडे राहतात. गॅलरीत खुर्चीवर होते. मी विचारलं, बाबा नावाबद्दल काही बोलले होते का? त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “आमचं बोलणं नव्हतं,” म्हणाले. निदान कागद वाचलात तरी का? “वाचला असता तर एखादी चूक दिसली असती. दिसली असती तर बोलावं लागलं असतं.” मी उठलो. दारापर्यंत आलो तेव्हा मागून त्यांनी विचारलं, शेवटी फार त्रास झाला का हो त्यांना? नाही म्हटलं, झोपेतच गेले. बरं झालं, म्हणाले, आणि आत न जाता कठडा धरून उभे राहिले. मी गल्लीच्या टोकाशी वळेपर्यंत तसेच उभे होते. मला उगीचच अपराध्यासारखं वाटलं, जणू अबोला माझ्यामुळे मोडला.

दुसरे साक्षीदार स्टँपवाले. ते अजून त्याच छपराखाली बसतात आणि त्यांचा कोणाशीच अबोला नाही. त्यांच्या बाकावर मी सकाळ काढली. त्या वेळात मला त्यांच्या दोन्ही जावयांची माहिती झाली, एकाची पित्तप्रकृती धरून. बाबांचा तो दिवस मात्र त्यांना लख्ख आठवत होता. टेबल कायमचं उचलायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. बाबांनी दिवसभराचं काम संपवलं, एक शेवटचा कागद टाइप केला, मशीनमधून काढला, आणि आपल्या खुर्चीवरून उठून टेबलाला वळसा घालून समोरच्या स्टुलावर येऊन बसले. पक्षकाराच्या. तिथे बसून त्यांनी तो आपलाच कागद सावकाश वाचला, सही केली, यांची सही घेतली, शेजारी सरकवला. यांनी विचारलं, अहो, नाव? तर बाबा म्हणाले, “पक्षकार अजून ठरवतोय.” सगळं छप्पर हसलं म्हणे. स्टँपवाले मला हे सांगतानाही हसले आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

अक्का, मला नाही हसू आलं. मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं आहे. आई गेल्यापासून चौदा वर्षं मी आणि ही त्यांच्याजवळ होतो. उपकार केले असं म्हणत नाही. राहायला जागा त्यांची होती, आणि दुसरी आमच्याकडे नव्हतीही. पण शेवटची तीन वर्षं मी त्यांची नखं कापली आहेत. त्यांना आंघोळ घातली आहे आणि त्यांनी पाणी गरम आहे म्हणून आणि गार आहे म्हणून दोन्हींसाठी मला बोलून घेतलं आहे, एकाच बादलीवरून. माणसाने एवढ्या जवळून पाहून काही ठरवायला हवं होतं. माझं नाही म्हणून ठरवलं असतं तरी चाललं असतं. (हे चाललं असतं की नाही याची मला खात्री नाही, पण लिहायला बरं वाटलं.) तुझं घातलं असतं तर मी म्हणालो असतो, थोरली आहे, लाडकी आहे. धाकट्याचं घातलं असतं तर म्हणालो असतो, शेंडेफळ आहे. ‘अजून ठरवतोय’ याला काय म्हणायचं? दुकानात शिरून नुसती चौकशी करून जाणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार बघतो तसा मी हल्ली त्यांच्या फोटोकडे बघतो.

तर आजची स्थिती अशी. येत्या सोमवारी वकिलांकडे बसायचं आहे. धाकटा घर विकायचं म्हणतो आणि घेणारा एक दंतवैद्य त्याने शोधूनही ठेवला आहे. पुढच्या खोलीत तो खुर्ची टाकणार आहे. (ज्या जागी बाबा आपल्याकडून पाढे म्हणवून घ्यायचे, तिथे आता लोक नुसतं आ करतील.) विकून तीन वाटे. माझ्या वाट्यात या भागात घर येत नाही. हिने लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या पाहून ठेवल्यात. खालच्या इस्त्रीमुळे हिवाळ्यात ऊब राहते, असं ती म्हणते. ती खरं तर तिथून घरी आल्यावर मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत होती. धाकटा वाईट नाही. त्याचीही दोन मुलं शिकायची आहेत आणि कायद्याने त्याचं बरोबर आहे. मी कोर्टात जाणार नाही. लोक भावाभावांत दावे घालून काय कमावतात ते माळ्यावर फायलीफायलींत भरलेलं आहे. तू तुझ्या हिश्श्याचं जे ठरवशील ते मला मान्य असेल. माझं काही मागणं नाही. (हे वाक्य हिने दोनदा खोडायला लावलं, मी तिसऱ्यांदा लिहिलं आहे.) तू विचारलंस म्हणून फक्त हकीकत कळवली.

दाजींना माझा नमस्कार सांग. भाचीला आशीर्वाद, तिच्या पोरांना एकेक धपाटा, हलका. तब्येतीला जपा. आम्ही आमच्या तब्येतींना जपतो आहोत, त्या आम्हाला जपत नाहीत हा भाग वेगळा. लोभ आहेच, तो वाढवायची तसदी या वयात घेऊ नकोस, आहे तेवढा पुरे आहे.

तुझा,
मधला

ता. क. पाकीट जाड लागेल, कारण सोबत मृत्युपत्राची मूळ प्रत पाठवली आहे. नक्कल नव्हे. धाकट्याला तसं कळवलं आहे: थोरल्या बहिणीच्या ताब्यात असलेलं बरं, आमच्या कपाटाला कुलूप नीट लागत नाही. कागद घडी न घालता ठेव.

ता. क. (दुसरा) कपाटाला कुलूप उत्तम लागतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, तेव्हा सांगतो. गेल्या बुधवारी दुपारी ही टाचेच्या डॉक्टरकडे गेली होती. मी कागद काढला आणि त्या ठिपक्यांवर पेन्सिलीने माझं नाव लिहिलं. संपूर्ण, बाबांच्या नावासकट. काही मिळवायला लिहिलं नाही. धाकट्याकडे आठ फोटो आहेत हे मला माहीत होतं आणि पेन्सिलीचा कोर्टात काही उपयोग नसतो हेही. दिसतं कसं ते पाहायचं होतं. चांगलं दिसलं. ‘यांस पूर्ण मालकीहक्काने मिळावे’पर्यंत मी चार-पाच वेळा मोठ्याने वाचलं. मग जिन्यात हिची पावलं वाजली आणि मी घाईने खोडलं.

ता. क. (शेवटचा) खोडताना रबर एके जागी अडखळलं. कागद तिथे आधीच पातळ झालेला होता. खिडकीशी उजेडात धरला, तर त्या ओळीवर माझ्याआधीही कोणीतरी पेन्सिलीने लिहून खोडलेलं आहे, एकदा नव्हे, पुष्कळदा. आमच्या हाती येईपर्यंत तो कागद बाबांशिवाय दुसऱ्या कुणाजवळ नव्हता. तुझं नाव मला ओळखता आलं. धाकट्याचंही आलं, त्याच्या नावातला जोडाक्षराचा पाय खाली उतरलाय. माझ्या नावाचंच कळत नाही, कारण त्याच जागेवर मी नेमकं दाबून लिहून ठेवलं आहे आणि आमच्या दोघांच्या अक्षरात फारसा फरक नाही. ही म्हणते, आहे, बाबांच्या हातचं खाली दिसतंय. पण ती माझी बायको आहे. तुला बाबांचं अक्षर माझ्यापेक्षा जास्त वर्षं माहीत आहे, तेव्हा तू सकाळच्या उजेडात एकदा बघ. घराचं काय व्हायचं ते सोमवारी होईल, त्यासाठी हे विचारत नाही. माझं नाव तिथे दोनदा दिसलं तर त्यातलं एक बाबांचं आहे, तेवढं लगेच कळव. एकदाच दिसलं तर काही कळवू नकोस.